बंद पडलेल्या इंजिनाची जबानी

१ जून ते ३१ जुलै अशी दोन महिन्यांची मासेमारीबंदी संपून कोकणच्या बंदरांतून यांत्रिक नौका पुन्हा समुद्रात जाऊ लागतात, तेव्हा नारळी पौर्णिमेचा नारळ, ताज्या रंगाचा वास, बर्फाच्या गाड्यांची वर्दळ आणि खलाशांची जमवाजमव यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु त्याच पंधरवड्यात, किनारा नजरेआड झाल्यावर ज्यांची इंजिने काही कळण्याच्या आत बंद पडतात आणि ज्यांना दुसऱ्या एखाद्या नौकेच्या दोरावर ओढत माघारी आणावे लागते, अशा नौकांची वार्ता बंदराच्या बाहेर क्वचितच पोचते. नाखवा, म्हणजे नौकेचा मालक, त्या फेरीचे डिझेल, बर्फ आणि रेशन तोट्याच्या खाती मांडतो, मिस्त्रीला बोलावणे जाते, काहीतरी उघडले जाते, काहीतरी बदलले जाते, आणि नौका पुन्हा निघते. इंजिन का थांबले होते या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र पुष्कळदा त्या गडबडीत हाती लागतच नाही, आणि म्हणूनच तेच इंजिन त्याच मोसमात पुन्हा थांबते.

रस्त्यावर मालमोटार बंद पडली तर चालक ती कडेला घेऊन दुसऱ्या वाहनाची वाट पाहू शकतो; समुद्राला कडा नाही. सुकाणूचे सारे सामर्थ्य त्याच्या पात्यावरून वाहणाऱ्या पाण्यात असते, आणि पंखा फिरायचा थांबून नौकेची गती ओसरली की तो प्रवाह नाहीसा होतो, सुकाणू हाताला हलके लागू लागते, आणि थोड्याच वेळात नौका आपली आडवी बाजू लाटांना देऊन लोळू लागते. म्हणून जाणता तांडेल, म्हणजे नौका चालवणारा प्रमुख, इंजिन थांबताच इंजिनाकडे धावत नाही. तो आधी नांगराकडे माणूस पाठवतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरची समुद्रबूड जमीन दूरवर उथळ पसरलेली असल्याने येथे नांगर बहुधा तळ धरतो, नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, वाऱ्याकडे वळते, आणि मग खाली उतरून शांत चित्ताने तपास करण्याइतकी उसंत मिळते. हवा बिघडत असेल तर व्हीएचएफच्या सोळाव्या वाहिनीवरून आपली जागा कळवणे किंवा तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फिरवणे हे कामही दुरुस्तीच्या आधीचे. कारण दुरुस्तीला किती वेळ लागेल हे आरंभी कोणालाच ठाऊक नसते, आणि संध्याकाळ मात्र ठरल्या वेळी होते.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात आणि दापोली तालुक्यातील हर्णे बंदरात इंजिनांची कामे करणाऱ्या मिस्त्र्यांशी प्रसंगाप्रसंगाने जे बोलणे झाले आणि त्यांच्या शेजारी उकिडवे बसून जे पाहायला मिळाले, त्यातून माझी एक खात्री पटली आहे, आणि ती मांडण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. अकस्मात थांबलेले इंजिन बहुतेक वेळा स्वतः निर्दोष असते. दोष त्याच्यापर्यंत येणाऱ्या वाटेत असतो: टाकीत, नळीत, गाळणीत, एखाद्या तारेत, पाण्याच्या तोंडाशी. आणि ती वाट कोठे तुटली हे इंजिन थांबताना आपल्या थांबण्याच्या तऱ्हेने सांगून गेलेले असते. ती जबानी नोंदवून घेणारे कोणी तेथे असावे लागते एवढेच.

चांगला मिस्त्री आल्या आल्या पान्याला हात लावत नाही, तो प्रश्न विचारतो. “नाखवा, बंद पडलं कसं? दम लागून, का गपकन?” हा त्याचा पहिला सवाल. मग, रेस वरखाली होत होती का. धूर आला का, आला तर काळा की पांढरा. जाळे पाण्यात होते की नौका रिकामी धावत होती. डिझेल कोठून व केव्हा भरले. फिल्टर शेवटचा कोणी बदलला. आणि थांबल्यावर इंजिन पुन्हा चालू झाले का, झाले तर किती वेळाने. तांडेल घाईत असतो, ‘ते बघा ना आधी’ असे म्हणून तो मिस्त्रीला खाली ढकलू पाहतो. परंतु हा सवालजवाब पुरा झाल्याशिवाय जो मिस्त्री बोल्ट सैल करीत नाही, त्याचेच निदान अखेर खरे ठरते, असे मी पाहिले आहे.

या प्रश्नांमागची संगती समजण्यासाठी डिझेल इंजिनाचे मूळ तत्त्व लक्षात घ्यावे लागते. या इंजिनाच्या पोटात ठिणगी नाही. सिलिंडरमध्ये ओढून घेतलेली हवा दट्ट्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्श्याइतक्या जागेत दाबतो, त्या दाबानेच हवा ५०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे तापते, आणि नेमक्या त्या क्षणी नोझलच्या केसाएवढ्या छिद्रांतून डिझेलचा अतिसूक्ष्म फवारा आत सुटला की तो आपला आपण पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९३ मध्ये या कल्पनेचे पेटंट मिळवले आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथील कारखान्यात, इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णता कामाला लावणारे इंजिन चालवून दाखवले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना ही मजल अप्राप्य होती. १९१२ मध्ये ‘सेलँडिया’ हे डिझेल इंजिनांचे डॅनिश जहाज कोपनहेगनहून थेट बँकॉकपर्यंत जाऊन आले, आणि वाफेच्या जहाजांचा अस्त जवळ आल्याचे जाणत्यांना कळून चुकले. या यंत्राचा जनक मात्र दुसऱ्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री, अँटवर्पहून इंग्लंडकडे जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून नाहीसा झाला. त्याचा देह पुढे समुद्रात सापडला, परंतु त्या मृत्यूचा उलगडा झाला नाही.

या तत्त्वाचा आपल्या विषयाशी संबंध असा की, जुन्या घडणीच्या डिझेल इंजिनाला चालू राहण्यासाठी हवा, दाब आणि स्वच्छ डिझेल या तीनच गोष्टी लागतात. एकदा चालू झाले की बॅटरीचीदेखील त्याला गरज नसते. आता पाच मिनिटांपूर्वी जे इंजिन निर्वेध धावत होते त्याचा दाब पाच मिनिटांत जात नाही, कारण रिंगा आणि वाल्व झिजायला वर्षे लागतात, आणि ती झीज आधी कष्टाने सुरू होण्यातून, धुरातून व तेलाच्या खपातून दिसते. हवाही एकाएकी नाहीशी होत नाही. तेव्हा वहीम प्रथम डिझेलवर जातो, आणि तो बहुतांशी खरा ठरतो.

डिझेलची वाट लांब आहे. टाकीच्या तळापासून जरा वर तोंड असलेल्या नळीतून ते निघते. पाणी वेगळे करणाऱ्या पहिल्या फिल्टरमधून फीड पंपाकडे येते. तेथून बारीक फिल्टरमधून मुख्य इंजेक्शन पंपाकडे जाते. आणि तो पंप प्रत्येक सिलिंडरच्या नोझलकडे ते वातावरणाच्या दोनशेपटीहून अधिक दाबाने पाठवतो. त्या पंपातील दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांमधली फट मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतकीच असते. तिला वाळूचा डोळ्यांना न दिसणारा कणही सोसत नाही. म्हणून वाटेत फिल्टर बसवलेले असतात, आणि म्हणून फिल्टर तुंबून इंजिन थांबले असता त्या फिल्टरने आपले कर्तव्यच बजावलेले असते. असा फिल्टर फेकून नवा बसवून निघून जाणे म्हणजे पहारेकऱ्याला बडतर्फ करून चोराला मोकळे सोडण्यासारखे आहे. तो तुंबला कशाने हे विचारायला हवे.

फीड पंप ज्या बाजूने डिझेल ओढून घेतो त्या बाजूची गळती ही या शास्त्रातली सर्वांत फसवी गोष्ट. पंपाच्या पुढच्या, म्हणजे ढकलणाऱ्या बाजूला जोड सैल झाला तर डिझेल ठिबकते, पत्रा ओला होतो, वास येतो, आणि शोध आपोआप लागतो. ओढणाऱ्या बाजूला नळीचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्याने तेथे डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. जोड कोरडा, स्वच्छ, निर्दोष दिसतो. तांब्याचे एखादे वायसर वारंवार आवळून कडक झालेले असते, किंवा रबरी नळीला क्लिपेखाली बारीक चीर गेलेली असते, आणि तेथून हवेचे बुडबुडे एकामागून एक पंपाकडे जात राहतात. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही. बुडबुडा मुख्य पंपात पोचला की दट्ट्याचा जोर त्याला आकुंचित करण्यातच खर्च होतो, नोझल उघडण्याइतका दाब उरत नाही, आणि इंजिन थांबते. बंदरावर याला ‘एअर पकडली’ म्हणतात. सकाळी पहिल्या सेल्फला इंजिन चालू व्हावे, अर्धा मिनिट नीट चालावे आणि मग धापा टाकत बंद पडावे, ही या दुखण्याची खूण. कारण रात्रभरात त्या चिरेतून हवा शिरून नळीतले डिझेल टाकीकडे परतलेले असते, आणि फिल्टरमध्ये व पंपात साठलेले तेवढे डिझेल संपेपर्यंतच इंजिन चालते.

एअर काढण्याचे काम पाहण्यासारखे असते. मिस्त्री फिल्टरच्या माथ्यावरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल करतो आणि फीड पंपावरचा हातपंप अंगठ्याने दाबू लागतो. स्क्रूच्या कडेने आधी फेस येतो, मग फुटफुटणारे बुडबुडे, मग बुडबुडे आणि डिझेल यांची मिसळ, आणि शेवटी सलग, पिवळसर, काचेसारखी नितळ धार. ती धार दिसताच हातपंप चालू ठेवूनच तो स्क्रू आवळतो. घाईचा माणूस फेस थांबताच स्क्रू आवळतो आणि मग नोझलच्या नळ्यांचे नट सोडून सेल्फ मारत बसतो. एअर काढल्याने इंजिन चालू होते हे खरे. पण हवा जेथून आली ती चीर कायमच असते, आणि पुढच्या फेरीला तिच्यातून पुन्हा हवा येते. ती शोधण्यासाठी मिस्त्री फिल्टरच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी बसवतो आणि इंजिन चालू ठेवून तिच्याकडे विजेरी धरतो. बुडबुडे दिसले की दोष त्या नळीच्या आणि टाकीच्या दरम्यान आहे हे ठरले. मग एकेक जोड आवळत, बदलत, बुडबुडे थांबेपर्यंत मागे मागे जायचे.

पाण्याची गोष्ट याहून जुनी आणि कोकणात याहून अधिक लागू पडणारी. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८२० ते ८६० ग्रॅम, पाण्याचे १,००० ग्रॅम. म्हणून डिझेलमध्ये शिरलेले पाणी टाकीच्या तळाशी बसते. जून-जुलैत नौका शाकारून ठेवतात तेव्हा टाकी बहुधा अर्धी रिकामी असते. त्या रिकाम्या जागेत पावसाळी, दमट हवा भरलेली. रात्री पत्रा गार झाला की त्याच्या आतल्या अंगावर दव धरते, थेंब ओघळून खाली जातात, आणि दोन महिन्यांत तळाशी पाण्याचा थर साचतो. त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्म जीव वस्ती करतात. होर्मोकोनिस रेझिनी नावाची एक बुरशी तर डिझेलमधील कर्बसंयुगांवरच वाढते, आणि तिच्या वाढीतून काळपट, चिकट, बुळबुळीत साय तयार होते. बंदरात नौका स्थिर उभी असेपर्यंत हे सारे तळाशी निवांत पडून राहते. ऑगस्टच्या उसळत्या समुद्रात नौका लोळू लागली की ते ढवळून निघते, नळीच्या तोंडाशी येते, आणि दोन तासांत नवा कोरा फिल्टर लेपून टाकते. मोसमाच्या आरंभीच इतकी इंजिने का थांबतात याचे कारण नशिबात नसून टाकीच्या तळाशी आहे.

यावरचा उपाय सर्वांना ठाऊक आहे: बंदीपूर्वी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवावी, म्हणजे आत हवाच उरत नाही. तो का होत नाही, याचे उत्तर यंत्रशास्त्रात मिळत नाही. मे महिन्याच्या अखेरीस नाखव्याच्या हाती पैसा सर्वांत कमी असतो. खलाशांचा हिशेब चुकता करायचा, जाळी दुरुस्तीला टाकायची, घरखर्च दोन महिने भागवायचा. डिझेलवरील कराचा जो परतावा सरकार सहकारी संस्थांमार्फत देते, तो हाती पडायला वेळ लागतो. अशा वेळी दोन महिने नुसते पडून राहणारे शेकडो लिटर डिझेल विकत घेऊन टाकीत ओतणे कोणाला परवडणार? शिवाय ज्या बंदरांत मोठी नौका धक्क्याला लागू शकत नाही, तेथे डिझेल पिंपांतून आणि कॅनांतून लहान होडीने नौकेवर न्यावे लागते, आणि प्रत्येक ओतण्याबरोबर थोडे पाणी, थोडा कचरा टाकीत जातो. अडाणीपणाचा जो शेरा मच्छीमारांवर सहजपणे मारला जातो तो मला म्हणूनच अन्यायाचा वाटतो. तळाशी साचलेल्या पाण्यात उशिरा मिळणाऱ्या परताव्याचाही वाटा आहे.

मिरकरवाड्यात एका मिस्त्रीने मला पहिल्या फिल्टरच्या तळाचा नळ सोडून एका काचेच्या बाटलीत निघालेला ऐवज दाखवला. बाटली त्याने दहा मिनिटे फळीवर ठेवून दिली आणि मग उजेडासमोर धरली. खाली दोन बोटे गढूळ पाणी, त्याच्यावर करंगळीइतक्या जाडीची काळी साय, आणि तिच्यावर स्वच्छ डिझेल. तिन्हींच्या सीमा सुरीने कापल्यासारख्या स्पष्ट. नाखवा ती बाटली बराच वेळ निरखत राहिला. त्या फेरीचे नुकसान कोणाच्या माथी मारावे यावर नौकेत आदल्या दिवसापासून चाललेला वाद तेथे मिटला.

परंतु ज्या तपासाने मला या विद्येविषयी खरा आदर वाटू लागला तो एका ट्रॉलरचा. ही नौका बंदरातून निघाली की दोनएक तास उत्तम चाले. पुढे जाळे ओढताना पूर्ण रेसवर इंजिनाचा दम जाऊ लागे, रेस पडे, सावरे, पुन्हा पडे, आणि अखेर इंजिन बंद होई. पंधरा-वीस मिनिटे काहीही न करता थांबले की ते आपोआप चालू होई आणि पुन्हा तासभर चाले. आधी एका कारखान्याने तिचा इंजेक्शन पंप आणि सहाही नोझल उतरवून कॅलिब्रेशनला पाठवले होते. त्यात मोठी रक्कम आणि भर मोसमातला आठवडा गेला, आणि नौका पहिल्याच फेरीत पूर्ववत थांबली. नव्या मिस्त्रीने सवालजवाबात ‘थांबून राहिलं की आपोआप चालू होतं’ एवढे ऐकले आणि पंपाकडे पाहणेच सोडून दिले. त्याचे म्हणणे असे की झिजलेला पंप विश्रांतीने बरा होत नाही. विश्रांतीने बरे होणारे दुखणे ओढण्याशी निगडित असले पाहिजे: इंजिन चालू असताना काहीतरी ओढले जाते आणि बंद झाले की सुटते.

असे दुखणे दोन ठिकाणी संभवते. टाकीत डिझेल कमी होईल तसतशी बाहेरची हवा आत यावी म्हणून वर एक श्वासनळी ठेवलेली असते. ती रंगाने, मिठाच्या खड्याने किंवा गांधीलमाशीच्या मातीने बुजली तर टाकीत निर्वात वाढत जातो, शेवटी फीड पंपाला डिझेल ओढणे अशक्य होते, आणि इंजिन थांबल्यावर फटीफटींतून हवा आत येऊन निर्वात ओसरला की सगळे पुन्हा सुरळीत होते. दुसरा संभव, टाकीत तरंगणारा एखादा पदार्थ नळीच्या तोंडाला चिकटण्याचा. मिस्त्रीने नौका धक्क्याला दुहेरी दोरांनी जखडली, गिअर टाकून पंखा पाण्यावर राबवला, आणि इंजिनाचा दम जाण्याची वाट पाहत टाकीच्या झाकणाशी बसून राहिला. रेस पडू लागताच त्याने झाकण फिरवले. श्वासनळी बुजलेली असती तर हवा सुस्कारत आत गेली असती आणि इंजिनाने उचल खाल्ली असती. तसे काही झाले नाही. मग त्याने टाकीकडून येणारी नळी सोडवून नवी नळी स्वच्छ डिझेलच्या एका डब्यात सोडली आणि डबा पुन्हा पुन्हा भरीत त्याच ओझ्यावर इंजिन दुपारभर चालवले. ते एकदाही अडखळले नाही. फिल्टर, फीड पंप, मुख्य पंप, नोझल, सारे या एका प्रयोगाने निर्दोष सुटले, आणि दोष टाकीच्या चार भिंतींत कोंडला गेला. टाकीचे मॅनहोल उघडून हात घातल्यावर तळाशी सापडला रबरी पॅकिंगचा तळहाताएवढा पातळ तुकडा, कधीतरी झाकण बसवताना आत पडलेला. जोराने ओढ लागली की तो नळीच्या तोंडावर जाऊन बसे. ओढ थांबली की गळून पडे. सहा सिलिंडरच्या इंजिनाला त्या तुकड्याने अर्धा मोसम वेठीस धरले होते.

इंधनात शिरलेले पाणी केवढा अनर्थ घडवू शकते याचे उदाहरण शेटलंड बेटांच्या किनाऱ्यावर आहे. ‘ब्रेअर’ हे तेलवाहू जहाज जानेवारी १९९३ मध्ये नॉर्वेहून कॅनडाकडे सुमारे ८५,००० टन कच्चे तेल घेऊन निघाले होते. प्रचंड वादळात त्याच्या मागच्या डेकवर बांधून ठेवलेले लोखंडी पाइप सुटले, इकडून तिकडे आपटत त्यांनी टाक्यांच्या श्वासनळ्या मोडल्या, आणि डेकवर चढणारे समुद्राचे पाणी त्या मोडक्या तोंडांतून थेट डिझेलमध्ये उतरू लागले. आधी बाष्पक पेटेना, मग ५ जानेवारीच्या पहाटे मुख्य इंजिन थांबले, पाठोपाठ वीजही गेली. जहाजावरच्या सर्व ३४ जणांना हेलिकॉप्टरने उचलले. जहाज मात्र वाऱ्याबरोबर वाहत जाऊन त्याच दिवशी गार्थ्स नेस येथील खडकांवर आदळले आणि सारे तेल समुद्रात गेले. इंजिनाच्या एकाही भागात दोष नव्हता. मालक श्वासनळीकडे दुर्लक्ष करू लागले की मिस्त्री मंडळींनी त्यांना ही हकिकत सांगावी.

इंजिन ‘गपकन’ थांबले, म्हणजे रेस न पडता, धूर न येता, किल्ली फिरवल्यासारखे क्षणात स्तब्ध झाले, तर तपासाची दिशा वेगळी. डिझेल तोडणारा जो सोलेनॉइड असतो त्याचे दोन प्रकार: एक वीज दिल्यावर इंजिन बंद करतो, दुसरा वीज मिळत आहे तोवरच इंजिन चालू देतो. दुसऱ्या प्रकारात खाऱ्या हवेने हिरवी पडलेली एखादी तार तुटली की धडधाकट इंजिन तत्काळ थांबते. बारा व्होल्टचा दिवा तेथे लावून पाहिला की वीज पोचते की नाही हे क्षणात कळते. नव्या इंजिनांत हा कारभार संगणकाच्या अखत्यारीत गेलेला आहे आणि तेथे तारांचे महत्त्व आणखी वाढले आहे.

पंख्यात दोर किंवा जाळे अडकले तरी इंजिन असेच जागच्या जागी थांबते, पण त्याची खातरजमा सोपी आहे: गिअर मोकळा ठेवून इंजिन नीट चालत असेल आणि गिअर टाकताच मरत असेल तर खोट पंख्याशी आहे. याउलट आधी काळा धूर, जड आवाज, मग तापलेल्या रंगाचा वास आणि नंतर थांबणे, हा क्रम असेल तर थंड करणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी चिकटली आहे का, इम्पेलरची पाती शाबूत आहेत का, हे पाहावे; आणि इंजिन गार होईपर्यंत सेल्फला हात लावू नये. ज्या नौकांत समुद्राचे पाणीच धुराच्या नळीत सोडून बाहेर टाकतात, तेथे तर वारंवार सेल्फ मारणे फारच धोक्याचे. सेल्फबरोबर पाण्याचा पंपही फिरतो, ते पाणी ढकलायला धूर नसतो, आणि भरत भरत ते उलट सिलिंडरमध्ये शिरते. डिझेलच्या मामुली दोषाने थांबलेले इंजिन अशा अधीरतेने कायमचे निकामी झाल्याची उदाहरणे बंदरांवर ऐकायला मिळतात.

कधीकधी इंजिन आपल्या रक्षणासाठी आपणहून थांबते. २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्यावरील हुस्टाडविका या कुप्रसिद्ध पाण्यात ‘वायकिंग स्काय’ हे प्रवासी जहाज १,३७३ माणसांसह निश्चल झाले. त्याच्या चार डिझेल जनित्रांपैकी एक दुरुस्तीला होते. उरलेली तिन्ही थोड्या वेळात पाठोपाठ थांबली. वंगणतेलाच्या टाक्यांतील पातळी मुळात कमी होती. जहाज लाटांवर हेलकावू लागल्यावर तेल एका बाजूस धावले, पंपांच्या तोंडाशी हवा आली, तेलाचा दाब पडला, आणि दाब पडताच इंजिन बंद करणाऱ्या यंत्रणेने आपले काम चोख केले. ४७९ जणांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. तेल भरून इंजिने पुन्हा चालू झाली तेव्हा खडक अगदी समोर होते. आमच्याकडचा ड्रायव्हर नौका धक्क्याला स्थिर असताना तेलाची सळई पाहतो आणि ‘खुणेच्या जवळ आहे’ म्हणून समाधान मानतो. परंतु धक्क्यावर पुरणारे तेल उधाणात पुरेलच असे नाही, हे त्या जहाजाने दाखवले.

वर्सोवा येथील शासकीय प्रशिक्षण केंद्रात मच्छीमार तरुणांना नौकानयनाबरोबर सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवली जाते, कोचीच्या केंद्रीय संस्थेत इंजिन-ड्रायव्हर तयार होतात, आणि या दोन्ही ठिकाणांचे मोल मी कमी लेखत नाही. तथापि, देखभाल शिकणे आणि निदान शिकणे यांत अंतर आहे. तेल केव्हा बदलावे हे तक्त्यावरून शिकता येते. दम लागून थांबलेले इंजिन आणि गपकन थांबलेले इंजिन यांतला भेद तक्त्यावरून कळत नाही, आणि ज्यांना तो कळतो ते बहुतेक मिस्त्री साठीच्या पुढे गेले आहेत, त्यांच्या हाताखाली पोरे टिकत नाहीत, आणि त्यांच्या सवालजवाबाची पद्धत कोणी लिहून ठेवलेली नाही. या मिस्त्र्यांना मानधन देऊन परीक्षक नेमावे अशी माझी सूचना आहे. परीक्षेसाठी चालू स्थितीतील एक इंजिन मांडावे, आणि आदल्या रात्री त्यांनी त्यात एकच खोडी करून ठेवावी: कधी ओढत्या बाजूचे वायसर सैल, कधी श्वासनळीत चिंधीचा बोळा, कधी सोलेनॉइडची तार आतून तुटलेली, कधी टाकीत रबराचा तुकडा. उमेदवाराला स्वच्छ डिझेलचा डबा, हातभर पारदर्शक नळी, बारा व्होल्टचा दिवा आणि एक पाना एवढेच साहित्य द्यावे. आणि पाना उचलण्यापूर्वी त्याने तांडेलाला कोणते प्रश्न विचारले, याला निम्मे गुण ठेवावेत.